नाका, ओटा आणि वर्ग : एका दूरचित्रवाणी-मालिकेच्या अध्यापनाविषयी

दूरचित्रवाणीवरील एखादी मालिका विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात पाठ्यग्रंथाचे स्थान मिळविते, ही घटना साहित्याच्या अभ्यासकाने दुर्लक्षावी अशी नाही. अमेरिकेतील बॉल्टिमोर शहराच्या जीवनावर आधारलेली 'द वायर' ही मालिका एच. बी. ओ. या वाहिनीवरून २००२ ते २००८ या काळात पाच पर्वांत आणि साठ भागांत प्रसारित झाली. ती संपल्यानंतर थोड्याच अवधीत समाजशास्त्र, शिक्षणशास्त्र व चित्रपटविद्या या विषयांच्या वर्गांत तिचे अध्यापन होऊ लागले. हार्व्हर्ड विद्यापीठात विल्यम ज्यूलियस विल्सन या ज्येष्ठ समाजशास्त्रज्ञांनी नागर विषमतेवरील आपला एक अभ्यासक्रम तिच्याभोवती रचला, आणि अनमोल चड्ढा यांच्या सहकार्याने २०११ साली 'क्रिटिकल इन्क्वायरी' या नियतकालिकात तिच्यावर निबंधही लिहिला. या मालिकेचे चौथे पर्व, जे २००६ च्या सप्टेंबरपासून डिसेंबरपर्यंत दाखविले गेले, शाळेला वाहिलेले आहे. आणि महानगरातील शाळांचे प्रश्न समजावून देण्याचे एक साधन म्हणून शिक्षकांचा ओढा साहजिकच या पर्वाकडे अधिक असतो. अशा अध्यापनात कलाकृतीकडून नेमके काय शिकले जाते, आणि काय शिकायचे राहून जाते, हा प्रश्न विचारण्याची वेळ आता आली आहे.

सामाजिक प्रश्नाचे ज्ञान व्हावे म्हणून कल्पित कथेकडे वळणे ही रीत तशी जुनी आहे. एंगेल्सने १८८८ साली मार्गारेट हार्कनेस या कादंबरीलेखिकेस लिहिलेल्या पत्रात, फ्रेंच समाजाविषयी आपण त्या काळच्या इतिहासकार, अर्थशास्त्रज्ञ व संख्याशास्त्रज्ञ या सर्वांपेक्षा बाल्झाककडून अधिक शिकलो, अशा आशयाचे उद्गार काढले होते. डिकन्सची 'हार्ड टाइम्स' (१८५४) ही कादंबरी औद्योगिक इंग्लंडमधील शिक्षणविचाराचा पुरावा म्हणून पिढ्यान् पिढ्या वाचली गेली. मराठी समीक्षेत 'कलेसाठी कला' आणि 'जीवनासाठी कला' या नावांनी फडके व खांडेकर यांच्या पक्षांत जो वाद रंगला, त्याचाही गाभा हाच होता. मात्र त्या वादात बोध हा कलाकृतीतून अलगद काढून घेता येणारा पदार्थ आहे, असे दोन्ही पक्ष पुष्कळदा गृहीत धरीत. एकाला तो नको होता आणि दुसऱ्याला हवा होता, एवढाच काय तो फरक. 'द वायर'च्या बाबतीत हे गृहीतच टिकत नाही. तिच्यातील शिकण्याजोगे जे आहे ते तिच्या रचनेत आहे; आणि म्हणून तिचा सोयीचा तेवढा भाग कापून वर्गात दाखविला, तर हाती राहते ते तिने सांगितलेल्या गोष्टीच्या जवळजवळ उलट असते.

प्रथम चौथ्या पर्वाचे कथानक थोडक्यात पाहिले पाहिजे. पोलीस खात्यातून बाहेर पडलेला प्रेझबिलुस्की हा गोरा तरुण बॉल्टिमोरच्या पश्चिम भागातील एडवर्ड टिल्घमन या कल्पित शाळेत आठवीच्या मुलांना गणित शिकवू लागतो. मायकेल, नेमंड, रँडी आणि डुक्वान ही चार कृष्णवर्णीय मुले त्या शाळेत आहेत. मायकेलची आई व्यसनी आहे, आणि धाकट्या भावाचा सांभाळ त्याच्यावर पडला आहे. नेमंडचा बाप तुरुंगात आहे, आणि मुलाने बापाचा धंदा पुढे चालवावा म्हणून आईच त्याला टोचणी लावीत असते. रँडी पालक-आईच्या घरी वाढतो आहे. डुक्वानच्या घरात धड कपडादेखील शिल्लक राहत नाही. वर्षअखेर मायकेल अमली पदार्थांच्या टोळीत शिरलेला असतो. रँडीने शाळेत एका खुनाविषयी काही सांगितले, ही गोष्ट पोलिसांच्या बेपर्वाईने बाहेर फुटते, त्याचे घर जाळले जाते, आणि त्याची रवानगी अनाथ मुलांच्या वसतिगृहात होते. डुक्वानला मध्येच वरच्या वर्गात ढकलले जाते, तेव्हा तो नव्या शाळेच्या दारापर्यंत जाऊन परत फिरतो. एकटा नेमंड वाचतो. कारण कॉल्विन नावाचा निवृत्त पोलीस अधिकारी त्याला आपल्या घरी नेतो.

मालिकेचे कर्ते डेव्हिड सायमन हे 'बॉल्टिमोर सन' या वृत्तपत्राचे वार्ताहर होते, आणि त्यांचे सहकारी एड बर्न्स यांनी पोलीस खात्यातील नोकरीनंतर बॉल्टिमोरच्याच सार्वजनिक शाळांत काही वर्षे शिकविले होते. या अनुभवाचा ठसा लहानसहान तपशिलांवर उमटलेला आहे. शाळेच्या कोठारात नवी पुस्तके खोक्यांतच पडून असतात, आणि वर्गात मात्र जुनी फाटकी पुस्तके वापरली जातात. पळून राहणाऱ्या मुलांना गोळा करून आणण्यासाठी नेमलेल्या माणसाला कळते, की त्या मुलांनी सप्टेंबरात एक दिवस व ऑक्टोबरात एक दिवस वर्गात बसले म्हणजे पुरे. कारण अनुदानासाठी मोजली जाणारी हजेरी तेवढीच. अपूर्णांकांना कंटाळलेली मुले फाशांच्या जुगारातून संभाव्यतेचे गणित चटकन उचलतात, आणि नेमके त्याच सुमारास वरून हुकूम येतो, की वार्षिक चाचणी जवळ आल्याने गणिताच्या तासालाही भाषेच्या चाचणीतले प्रश्न घोकून घ्यावेत.

येथे मालिकेच्या रचनेचे पहिले सूत्र दिसते. २००२ च्या जानेवारीत संमत झालेल्या 'नो चाइल्ड लेफ्ट बिहाइंड' या कायद्याने तिसरी ते आठवीच्या मुलांची वाचन व गणित यांत दरवर्षी चाचणी घेणे बंधनकारक केले होते, आणि २०१४ पर्यंत प्रत्येक मूल प्राविण्याच्या पातळीला पोचले पाहिजे, असे लक्ष्य ठरविले होते. हा कायदा २०१५ च्या डिसेंबरात बदलला गेला. मालिका या कायद्यावर भाषण करीत नाही. पूर्वीच्या पर्वांत तिने पोलीस अधिकाऱ्यांना गुन्ह्यांचे आकडे कागदोपत्री कमी करताना दाखविले आहे. तोच प्रेझबिलुस्की आता शाळेच्या बैठकीत बसून चाचणीचे गुण कसे वाढवावेत हे ऐकतो, आणि आपण हे यापूर्वी कुठे ऐकले आहे ते त्याच्या ध्यानात येते. एखाद्या मोजमापाला शिक्षेचे वा बक्षिसाचे साधन बनविले, की ते मोजमापच भ्रष्ट होऊ लागते, हा नियम डोनल्ड कॅम्बेल या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९७० नंतरच्या दशकात मांडला होता. प्रेक्षकाला तो नियम कुणी सांगत नाही. पोलीस ठाणे आणि शाळा यांच्या सारखेपणातून तो त्याला स्वतःला सापडतो. अटलांटा शहरातील शाळांत चाचणीच्या उत्तरपत्रिका शिक्षकांनीच दुरुस्त केल्याचे २०११ च्या सरकारी चौकशीत उघडकीस आले आणि चव्वेचाळीस शाळांतील १७८ शिक्षक व मुख्याध्यापकांवर ठपका ठेवण्यात आला, तेव्हा या मालिकेच्या प्रेक्षकाला धक्का बसला असेल. नवल मात्र वाटले नसेल. परंतु ज्या विद्यार्थ्याला केवळ चौथे पर्व दाखविले आहे, त्याला ही सापड व्हायची नाही. त्याच्या दृष्टीने चाचणीचा प्रसंग म्हणजे शाळा-खात्याच्या मूर्खपणाचा एक नमुना, इतकेच.

दुसरे सूत्र याहून महत्त्वाचे आहे. मालिकेचे दुसरे पर्व बॉल्टिमोरच्या बंदरावर घडते. तेथील गोदी-कामगारांना आठवड्यातून मोजकेच दिवस काम मिळते, आणि त्यांची पोरे रिकामी हिंडतात. प्रथमदर्शनी या पर्वाचा शाळेशी काहीही संबंध नाही, आणि म्हणून शिक्षणविषयक अभ्यासक्रमातून ते सहज वगळले जाऊ शकते. वस्तुतः चौथ्या पर्वातील वर्गाचे कारण तेथे आहे. बॉल्टिमोरची लोकसंख्या १९५० साली सुमारे साडेनऊ लाख होती. २०२० च्या जनगणनेत ती सहा लाखांच्याही खाली आली. स्पॅरोज पॉइंट येथील पोलादाच्या कारखान्यात एकेकाळी तीस हजारांच्या आसपास माणसे काम करीत. २०१२ साली तो बंद पडला. विल्सन यांनी 'व्हेन वर्क डिसॅपिअर्स' (१९९६) या ग्रंथात मांडलेला सिद्धांत हाच, की वस्तीतून काम नाहीसे झाले म्हणजे कुटुंब, शेजार, शाळा या साऱ्यांची वीण उसवते. त्या सिद्धांताला वर्णभेदाच्या इतिहासाची जोड द्यावी लागते. कृष्णवर्णीयांनी कोणत्या गल्लीत राहावे हे ठरविणारा वटहुकूम बॉल्टिमोरने १९१० साली काढला होता, आणि तशा वटहुकुमांना सर्वोच्च न्यायालयाने १९१७ साली अवैध ठरविल्यावरही वस्त्यांची विभागणी अन्य मार्गांनी चालू राहिली. दुसऱ्या पर्वातले कामगार बहुतांशी गोरे आहेत आणि चौथ्या पर्वातली मुले कृष्णवर्णीय आहेत. परंतु गोदीत जे संपले तेच त्या मुलांच्या वाट्याला येणार नव्हते, हे दोन्ही पर्वे पाहणाऱ्यालाच उमगते. सामाजिक शास्त्रे एकेक कारण सुटे करून तपासतात, तर ही मालिका त्यांची गुंतवळ एकाच वेळी दाखविते, या विल्सन यांच्या समर्थनाचा अर्थही हाच. ते समर्थन संपूर्ण मालिकेला लागू पडते. तिच्या एका तुकड्याला नाही.

भाषांतरकाराच्या दृष्टीने पाहता या पर्वातील सर्वांत अर्थपूर्ण शब्द दोन आहेत. शाळेत एका प्राध्यापकाच्या प्रयोगात सहभागी झालेला कॉल्विन मुलांचे दोन वर्ग कल्पितो : 'कॉर्नर'ची मुले आणि 'स्टूप'ची मुले. 'स्टूप' म्हणजे बॉल्टिमोरच्या सलग घरांसमोरील त्या प्रसिद्ध दगडी पायऱ्या. मराठीत त्यांना 'ओटा' म्हणण्यावाचून गत्यंतर नाही. ओट्यावर बसलेले मूल रस्त्याकडे पाहत असते, पण घरातल्या हाकेच्या टप्प्यात असते. 'कॉर्नर'ला 'कोपरा' म्हटले तर सारेच बिघडते. कारण मराठीत कोपरा हा घराच्या आतला, लपण्याचा. 'नाका' हाच त्याला जवळचा शब्द. नाक्यावर उभे राहणे म्हणजे घराच्या हाकेपलीकडे जाणे, हे मराठी वाचकाला सांगावे लागत नाही. तथापि मुंबईच्या नाक्याला आणखी एक अर्थ आहे : सकाळी रोजंदारीच्या कामाची वाट पाहत मजूर उभे राहतात तोही नाका. बॉल्टिमोरच्या मूळ शब्दात नसलेली ही छटा भाषांतरात येते, आणि ती उपरी वाटत नाही; कारण तेथील मुले ज्या कोपऱ्यावर उभी आहेत, त्या वस्तीत काम देणारा तोच एक धंदा उरला आहे.

संवादांचे भाषांतर मात्र इतके उपकारक होणार नाही. वर्गातील विनोद आणि वर्गातील वेदना ही दोन्ही शिक्षकाची भाषा व मुलांची भाषा यांतील अंतरातून निर्माण होतात. मुलांच्या तोंडी प्रमाण मराठी घातली तर ते अंतर पुसले जाईल; एखाद्या प्रदेशाची वा समाजाची बोली घातली तर बॉल्टिमोरच्या मुलांना नकळत महाराष्ट्रातील जात चिकटेल. ही अडचण केवळ भाषांतरकाराची नाही. मालिका वर्गात दाखविणाऱ्या प्रत्येक अध्यापकापुढे ती वेगळ्या रूपात उभी असते. जो विद्यार्थी त्या वस्तीत कधी गेला नाही आणि जाणारही नाही, तो पडद्यावरील मुलांना आपल्याजवळ असलेल्या कोणत्या ना कोणत्या तयार साच्यात बसविणारच.

तो साचा कोणता असेल, याचा अंदाज करता येतो, आणि या बाबतीत मालिकाही सर्वस्वी निर्दोष नाही. चौथ्या पर्वातील आया पाहिल्या, की एक मुलाचे अन्न विकून टाकणारी आणि दुसरी मुलाला नाक्यावर पिटाळणारी, अशा त्या आढळतात. रँडीची पालक-आई हा ठळक अपवाद. वस्तीतील कष्टाळू आई पडद्यावर क्वचितच येते. मुलींची स्थिती तर अधिक शोचनीय आहे. वर्गात मुली आहेत, त्यांच्यातील एक दुसरीचा चेहरा पात्याने चिरते हेही दिसते. परंतु ज्या आस्थेने चार मुलग्यांच्या पाठोपाठ त्यांच्या घरापर्यंत कॅमेरा जातो, ती आस्था एकाही मुलीच्या वाट्याला येत नाही. शाळेच्या प्रश्नावरील कलाकृती म्हणून ही उणीव लहान नाही. पीटर ड्रायर आणि जॉन ॲटलस यांनी २००८ साली 'डिसेंट' नियतकालिकात घेतलेला आक्षेपही येथे ध्यानात घेण्याजोगा आहे. बॉल्टिमोरमध्ये रहिवाशांच्या संघटना होत्या. चर्चमंडळांच्या आधारावर उभ्या राहिलेल्या 'बिल्ड' या संघटनेच्या चळवळीमुळे १९९४ साली निर्वाह-वेतनाचा कायदा त्या शहराने केला. यांपैकी काहीच मालिकेत नाही, असे त्यांचे म्हणणे. कादंबरीकार इश्माएल रीड यांनी तर कृष्णवर्णीयांच्या रूढ विकृत प्रतिमांचीच ही पुनरावृत्ती असल्याचा आरोप केला. रीड यांचा आरोप अतिव्याप्त आहे. कारण मालिकेत पोलीस, शिक्षक, राजकारणी, मुष्टियुद्धाची तालीम चालविणारा माजी गुन्हेगार अशी कृष्णवर्णीय माणसे विपुल असून त्यांच्या स्वभावांची विविधता मोठी आहे. परंतु चौथ्या पर्वातील निवडक प्रसंगच पाहणाऱ्या विद्यार्थ्याच्या बाबतीत तो आरोप पुष्कळ अंशी खरा ठरण्याची भीती आहे, हे नाकारता येणार नाही.

आणखी एक भीती शिक्षक होऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याविषयीची आहे. तो साहजिकच प्रेझबिलुस्कीशी समरस होतो. अमेरिकन चित्रपटांनी उपेक्षित वस्तीतील शाळेत जाऊन मुलांना तारणाऱ्या शिक्षकाची कथा इतक्या वेळा सांगितली आहे, की फाशांच्या गणिताचा प्रसंग त्याच कथेचा भाग वाटावा. मालिका ती कथा सुरू करते, आणि पुरी होऊ देत नाही. शिक्षक डुक्वानचे कपडे शाळेत धुऊन देतो, त्याच्या जेवणाची सोय करतो. आणि पाचव्या पर्वात तोच मुलगा शिक्षणासाठी म्हणून त्याच्याकडे पैसे मागायला येतो, तेव्हा ते पैसे कशासाठी जाणार हे शिक्षक ओळखतो, तरीही देतो. चांगल्या शिक्षकाची मर्यादा याहून कमी शब्दांत क्वचितच सांगितली गेली असेल. चौथ्या पर्वाच्या शेवटी थांबणाऱ्या वर्गाला ती कळतच नाही. नेमंडच्या सुटकेचेही तसेच. एका सहृदय माणसाने एका मुलाला घरी नेले, ही कृती उदात्त आहे. परंतु चारांपैकी तीन मुलांसाठी असा माणूस नव्हता, आणि दत्तक घेणे हे काही शिक्षणाचे धोरण होऊ शकत नाही, हा हिशेब प्रेक्षकाकडून करून घ्यावा लागतो.

या प्रकारच्या अध्यापनावर मालिकेनेच अगोदर टीका करून ठेवली आहे. वृत्तपत्रसृष्टीला वाहिलेल्या पाचव्या पर्वात शहरातील शाळांविषयी लेखमाला लिहिण्याची योजना निघते. संपादकाला शिक्षक आणि विद्यार्थी एवढ्यावरच नजर रोखणारी, डिकन्सची आठवण करून देणारी हृदयस्पर्शी कथा हवी असते. वृत्तविभागाचा जुना जाणता सहकारी म्हणतो, की ही मुले कोण आहेत हे सांगायचे तर घर, व्यसन आणि वस्तीचे अर्थकारण यांविषयी बोलावेच लागेल. संपादकाला तो पसारा नको असतो. चौथ्या पर्वातून दोन-तीन वर्गप्रसंग काढून 'महानगरातील शिक्षणाचे प्रश्न' या मथळ्याखाली ते दाखविणारा अध्यापक नकळत त्या संपादकाच्या खुर्चीत जाऊन बसतो. चाचणीला उपयोगी तेवढेच शिकवा, असे सांगणारा शाळा-खात्याचा अधिकारीही त्याच खोलीत असतो.

मराठी वाचकाला या संदर्भात एका फार जुन्या नाटकाचे स्मरण व्हावे. शिक्षणाच्या प्रश्नावर लोकांना जागे करण्यासाठी जोतीराव फुले यांनी १८५५ साली 'तृतीय रत्न' हे नाटक लिहिले, आणि दक्षिणा प्राइझ कमिटीने ते नाकारले. जोशाकडून नाडल्या गेलेल्या शेतकरी जोडप्याला अखेर रात्रशाळेची वाट दिसते, असा त्याचा शेवट. फुल्यांनी पुढे १८७३ साली 'गुलामगिरी' हा ग्रंथ गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकन लोकांना अर्पण केला. त्या अर्पणपत्रिकेतील आशा ज्यांच्यावर विसंबून होती, त्या मुक्त झालेल्या गुलामांच्या वंशजांची मुले टिल्घमन शाळेच्या बाकांवर बसलेली आहेत. 'तृतीय रत्न'मध्ये शाळा हे कथेचे उत्तर होते. 'द वायर'मध्ये ती कथेतील प्रश्नांपैकी एक प्रश्न झाली आहे. या दोन कलाकृतींमधील अंतर जवळजवळ दीडशे वर्षांचे. परंतु त्यामुळे फुल्यांची आशा खोटी ठरते, असे नव्हे. शाळेचे दार उघडणे पुरेसे नाही, दारापर्यंतचा रस्ता आणि दारातून बाहेर पडल्यानंतरचा रस्ता यांचाही विचार हवा, एवढे ते अंतर सांगते.

फुल्यांच्या नाटकात एक विदूषक आहे. रंगमंचावर जे घडते त्याचा अर्थ तो प्रेक्षकांना वेळोवेळी सांगतो, आणि जोशाची लबाडी उघड करतो. 'द वायर'मध्ये असा कुणी नाही. तिचे कर्ते पडद्यामागून एक शब्दही बोलत नाहीत, आणि हा तिच्या कलेचा मोठेपणा आहे. पण ती कला वर्गात आली, की विदूषकाची रिकामी जागा अध्यापकाला भरावी लागते. त्याने काय करावे हे फारसे गूढ नाही. बंदराचे पर्व आणि शाळेचे पर्व ही शेजारी ठेवून दाखवावीत. पाचव्या पर्वातील वृत्तपत्र-कचेरीचा प्रसंग वगळू नये. चाचणीच्या कायद्याचे कलम, जनगणनेचे आकडे आणि १९१० चा वटहुकूम विद्यार्थ्यांच्या हाती द्यावा. कोणती माणसे पडद्यावर आलीच नाहीत, याची यादी त्यांनाच करायला सांगावी. त्या यादीत मुली असतील, कामावर जाणाऱ्या आया असतील, निर्वाह-वेतनासाठी लढलेले रहिवासी असतील. एवढे केले तर साठ भागांची ही दीर्घ कथा शहराच्या शिक्षणाविषयी जे सांगते, ते एखाद्या अहवालालाही सांगता येत नाही. एवढे न करता केवळ पडदा लावून दिवे मालवले, तर वर्गातून बाहेर पडणारा विद्यार्थी चार मुलांची नावे आणि त्यांची दुर्दशा तेवढी घेऊन जाईल. ती मुले नाक्यावर का उभी राहिली, हे तो सांगू शकणार नाही. आणि आपल्याला ते ठाऊक आहे, अशी त्याची समजूत मात्र झालेली असेल.